सहा शाळा, आठ औंस दूध आणि एका पोस्टडॉकचा पेपर

ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट अल्बर्नीच्या निवासी शाळेत १९४८ च्या सुमाराला आदिवासी पोरांना दिवसाला आठ औंस दूध मिळायचं, म्हणजे पाव लिटरपेक्षाही कमी. कॅनडा सरकारनेच छापलेल्या आहाराच्या नियमांत जेवढं सांगितलं होतं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. हे सरकारी डॉक्टरांना चांगलं माहीत होतं, त्यांनीच मोजून काढलं होतं. मग त्यांनी काय केलं, तर पुढची दोन वर्षं दूध तेवढंच ठेवलं. मुद्दाम. कारण नंतर ते तिप्पट करून २४ औंस करायचं होतं आणि फरक किती पडतो ते बघायचं होतं, आणि फरक बघायचा तर आधीची ‘बेसलाइन’ हवी ना.

हे सगळ्या देशाला कळलं २०१३ च्या जुलैमध्ये, म्हणजे पासष्ट वर्षांनी, आणि ते कुठल्या मंत्र्याने, कोर्टाने किंवा बड्या प्राध्यापकाने नाही तर ग्वेल्फ विद्यापीठात इतिहासात पोस्टडॉक करणाऱ्या इयान मॉस्बी नावाच्या माणसाने बाहेर आणलं. पोस्टडॉक म्हणजे पीएचडी झालेली आहे, कायमची नोकरी नाही, एक-दोन वर्षांचं मानधन आहे, आणि संपल्यावर पुढे काय ते देव जाणे.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की कॅनडात ‘आदिवासी अभ्यास आणि राष्ट्राचा चिकित्सक अभ्यास’ अशा नावाच्या पोस्टडॉक फेलोशिपच्या जाहिराती निघतात आणि आपल्याकडची अर्ज करणारी पोरं विचारतात की यात नक्की करायचं काय असतं, भाषणं? थिअरी? मॉस्बीची फेलोशिप नावाने या विषयातली नव्हती, साधी इतिहासाची होती, पण देशाने स्वतःबद्दल जे सांगितलंय ते त्याच्याच कपाटातल्या फायली काढून तपासायचं, हे काम कसं दिसतं ते यापेक्षा चांगलं दाखवणारं उदाहरण मला तरी माहीत नाही.

तो शोधत होता वेगळंच

मॉस्बीची पीएचडी दुसऱ्या महायुद्धातल्या कॅनडाच्या खाण्यापिण्यावर, रेशनिंग, सरकारी पाककृती, घरोघरच्या बायकांना केलेली आवाहनं वगैरे. म्हणजे देशप्रेमाचा इतिहास म्हणता येईल असाच विषय. त्या काळातच, १९४२ साली, ‘कॅनडाज फूड रूल्स’ नावाचा आहाराचा तक्ता सरकारने काढला, पुढे त्याचाच ‘कॅनडाज फूड गाइड’ झाला, तो आजही तिकडच्या शाळांत, दवाखान्यांत भिंतीवर लावलेला असतो आणि कॅनेडियन लोकांना त्याचं कौतुक असतं. त्या तक्त्यामागचा मुख्य माणूस लायोनेल ब्रॅडली पेट, केंद्र सरकारच्या पोषण विभागाचा प्रमुख.

तर आरोग्य धोरणाचे कागद वाचता वाचता मॉस्बीला चाळीसच्या दशकातल्या काही ‘अभ्यासां’चे उल्लेख दिसायला लागले, आदिवासी वस्त्यांत व्हिटॅमिनचा अभ्यास, शाळांत पोषणाचा अभ्यास, असे अर्धवट. आता हे दिसल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. आपल्या विषयाबाहेरचं म्हणून पान उलटायचं, कारण पीएचडीच्या पुस्तकाचं काम पडलेलं असतं, नोकरीचे अर्ज भरायचे असतात. नाहीतर ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन आरोग्य खात्याच्या आणि इंडियन अफेअर्स, म्हणजे आदिवासींचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या फायली मागवायच्या आणि महिनोन्‌महिने बसायचं. त्याने दुसरं केलं. कारकिर्दीच्या हिशेबाने बघितलं तर हा शहाणपणा नव्हता, कारण यातून काही निघेल याची खात्री नसते.

जे निघालं त्याचा पेपर २०१३ च्या मे महिन्यात ‘इस्त्वार सोसियाल / सोशल हिस्टरी’ या कॅनडातल्या दोनभाषी जर्नलमध्ये आला. काळ १९४२ ते १९५२. शीर्षक अगदी कोरडं, वसाहतवादी विज्ञान, पोषण संशोधन, आदिवासी समुदाय आणि निवासी शाळांतले मानवी प्रयोग, असं काहीसं. असल्या पेपरांना एरवी विषयातलीच मोजकी माणसं वाचतात.

उत्तर मॅनिटोबा, १९४२

पहिली हकीगत शाळांची नाही. मार्च १९४२ मध्ये इंडियन अफेअर्सच्या वैद्यकीय सेवेचा प्रमुख डॉ. पर्सी मूर आणि टोरांटोच्या बालरुग्णालयातला पोषणतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक टिसडॉल हे उत्तर मॅनिटोबातल्या क्री आदिवासींच्या वस्त्यांवर गेले, नॉर्वे हाउस, क्रॉस लेक, गॉड्स लेक वगैरे. हा टिसडॉल साधासुधा माणूस नाही, पॅब्लम नावाचं लहान बाळांचं जे पहिलं तयार, आधीच शिजवलेलं खाणं निघालं ते करणाऱ्या तिघांपैकी एक. म्हणजे बाळांचा कैवारी म्हणून देशभर नाव.

तिकडे त्यांना दिसली ती भूक. लोक दिवसाला १५०० कॅलरीपेक्षा कमी खाऊन जगत होते, आणि त्या थंडीत. डॉक्टरांनी स्वतः नोंदवलंय की ही माणसं पोटामागे हिंडतायत खरी पण खरं तर अंथरुणावर पडून उपचार घ्यावेत इतकी आजारी आहेत, गोरी असती तर पडून राहिली असती आणि डॉक्टर मागितला असता. कारणंही काही गूढ नव्हती. फरचा धंदा बसला होता, मंदीच्या वर्षांत सरकारने मदत कापली होती, आणि दुकानातून जे मिळायचं ते पांढरं पीठ, चरबी, साखर, जॅम.

आता यावर उपाय काय, तर शेंबडं पोरही सांगेल, खायला द्या. तज्ज्ञांनी मात्र ठरवलं की सुमारे ३०० कुपोषित लोकांपैकी १२५ जणांना रायबोफ्लेविन, थायमिन (ही दोन्ही बी व्हिटॅमिनं), व्हिटॅमिन सी यांच्या गोळ्या द्यायच्या आणि बाकीच्यांना काहीच द्यायचं नाही, ते कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठीचा गट. पैसे दिले इंडियन अफेअर्सने, न्यूयॉर्कच्या मिलबँक मेमोरियल फंडाने, हवाई दलाने आणि हडसन्स बे कंपनीने, ज्या कंपनीच्या फरच्या धंद्यावर या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या बांधल्या गेल्या होत्या तीच कंपनी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी नाहीतर सगळं हिंदी सिनेमातल्या खलनायकांसारखं होऊन बसतं. हे डॉक्टर त्यांच्या काळात पुरोगामी होते. आदिवासी आळशी असतात, बेफिकीर असतात, त्यांच्या रक्तातच ते आहे असं सर्रास म्हटलं जायचं तेव्हा हे म्हणत होते की नाही, हा वंशाचा दोष नाही, हे कुपोषण असू शकतं. ऐकायला किती बरं वाटतं! पण त्यापुढचं पाऊल असं की मग कुपोषण बरं करून बघू या की माणसं सुधारतात का, आणि ते करताना एक गट उपाशी राहिला तरी चालेल कारण तुलना हवी. भूक कुणामुळे आली, जमीन कुणी घेतली, मदत कुणी कापली हे प्रश्न तज्ज्ञांच्या तक्त्यात बसतच नव्हते, व्हिटॅमिन बसत होतं.

आणि हे लपवलेलं नव्हतं हं. १९४६ साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या जर्नलमध्ये हा अभ्यास रीतसर छापून आला. कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत.

सहा शाळा

निवासी शाळांबद्दल थोडं सांगायला हवं, आपल्याकडे सगळ्यांना माहीत नसतं. पैसा सरकारचा, कारभार चर्चचा, मुलं आदिवासी आणि १९२० नंतर पाठवणं सक्तीचं. घरची भाषा बोलली की मार. देशभरात शंभरावर शाळा, साधारण दीड लाख मुलं त्यातून गेली, शेवटच्या बंद झाल्या त्या १९९० च्या दशकात. प्रत्येक मुलामागे सरकार जे पैसे द्यायचं त्यात धड जेवण होणं शक्य नव्हतं, हे शाळाही सांगत होत्या, तपासणी करणारेही सांगत होते.

पेटच्या विभागाने युद्धाच्या शेवटाला या शाळांची स्वयंपाकघरं तपासली, बहुतेक सगळीकडे जेवण निकृष्ट निघालं. इथपर्यंत ठीक. पण मग १९४८ मध्ये त्याने सहा शाळा निवडून पाच वर्षांचा अभ्यास आखला, मुलं जवळजवळ एक हजार. अल्बर्नीचं दूध वर सांगितलंच. बाकीच्या पाच अशा.

नोव्हा स्कोशियातल्या शुबेनॅकॅडीत व्हिटॅमिन सी कमी पडत होतं, तिथे अर्ध्या मुलांना व्हिटॅमिन सीची गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. कमतरता सगळ्यांनाच होती हे आधीच मोजलेलं. आल्बर्टातल्या ब्लड शाळेत थायमिन कमी, तिथे दोन वर्षं काहीही न बदलता बेसलाइन, मग बी व्हिटॅमिनचं पीठ. आल्बर्टातलीच सेंट पॉल्स ही कंट्रोल शाळा, म्हणजे जेवण वाईट आहे हे माहीत असून पाच वर्षं काहीही बदलायचं नाही, हीच त्या शाळेची भूमिका. ओंटारियोत केनोराजवळच्या सिसिलिया जेफ्री शाळेत मुलांना पोषणाचे धडे द्यायचे आणि बघायचं की ती आपणहून गव्हाचा ब्राउन ब्रेड निवडतात का. ज्या मुलाला ताटात काय येईल हे ठरवायचा काडीचाही अधिकार नाही त्याची ‘निवड’ तपासायची, याला काय म्हणायचं.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका प्रयोग केनोराच्याच सेंट मेरीज शाळेतला. तिथे ‘न्यूफाउंडलंड पीठ’ वापरलं, म्हणजे थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन आणि हाडांची पूड घातलेलं पीठ. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडात नव्हतं, १९४९ ला आलं, आणि कॅनडात अशी भर घातलेलं पीठ बाजारात विकायला बंदी होती, भेसळीच्या कायद्याखाली. म्हणजे टोरांटोतल्या किराणा दुकानात जे विकणं बेकायदेशीर ते केनोराच्या शाळेत पोरांच्या ब्रेडमध्ये. परिणाम? मुलांचा अ‍ॅनिमिया कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

आणि दात. हिरड्यांची अवस्था हे पोषण मोजायचं एक साधन होतं, मग दातांच्या डॉक्टरांनी येऊन हिरड्या बऱ्या केल्या तर आकडे बिघडतील, म्हणून कळवलं गेलं की अभ्यास चालू असेपर्यंत या शाळांत दातांचे प्रतिबंधक उपचार करू नका, अगदीच निकड असेल तर बघा. हे तोंडी नाही, फायलीत पत्र आहे. मला या सगळ्या प्रकरणात दुधापेक्षाही हे पत्र जास्त अस्वस्थ करतं, कारण दूध कमी होतं त्याला निदान ‘बजेट नव्हतं’ असं म्हणता येतं, दातांची सेवा तर चालू होती ती थांबवली.

संमतीचा कागद कुठेच नाही. ना मुलांचा, ना आईबापांचा. कायद्याने मुलांची जबाबदारी सरकारची, तेव्हा मुख्याध्यापक हो म्हणाले की झालं. न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा निकाल लागला ऑगस्ट १९४७ मध्ये, माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी हे त्यात पहिलंच कलम, आणि पुढच्याच वर्षी हा अभ्यास सुरू. तेव्हा ‘त्या काळी असंच असायचं’ हे उत्तर अर्धंच खरं आहे.

जुलै २०१३

मेमध्ये आलेला पेपर दोन महिने शांत पडून होता. जुलैच्या मध्यावर कॅनेडियन प्रेस वृत्तसंस्थेने त्यावर बातमी केली आणि मग एकदम भडका उडाला. योगायोग असा की त्याच आठवड्यात असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स या आदिवासींच्या देशव्यापी संघटनेची वार्षिक बैठक युकॉनमधल्या व्हाइटहॉर्सला चालू होती, तिथे ताबडतोब ठराव झाला. संघटनेचे तेव्हाचे राष्ट्रीय प्रमुख शॉन अ‍ॅटलिओ यांचे वडील अल्बर्नीच्याच शाळेत शिकलेले, म्हणजे बैठकीत वाचली जाणारी बातमी त्यांच्या घरची निघाली. २५ जुलैला देशभर मोर्चे निघाले, ‘माफीचा मान राखा’ अशी हाक होती, कारण पंतप्रधान हार्पर यांनी निवासी शाळांबद्दल संसदेत माफी मागितली होती ती जून २००८ मध्ये, आणि लोकांचं म्हणणं साधं होतं, माफी मागितलीत ना, मग कागद का दाबून ठेवताय.

हे कागद दाबण्याचं प्रकरण खरंच चालू होतं. निवासी शाळांत काय झालं ते नोंदवणारा सत्य आणि सलोखा आयोग २००८ पासून काम करत होता, न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर अध्यक्ष, आणि आयोगाला सरकारकडूनच कागद मिळेनात म्हणून आयोग कोर्टात गेला होता. जानेवारी २०१३ मध्ये ओंटारियोच्या कोर्टाने सांगितलं की राष्ट्रीय अभिलेखागारातले संबंधित कागदसुद्धा शोधून देणं ही केंद्र सरकारचीच जबाबदारी. म्हणजे सरकारनेच नेमलेला आयोग सरकारशी कोर्टात भांडतोय आणि त्याच वर्षी एक पोस्टडॉक त्याच इमारतीतून हे पुरावे घेऊन बाहेर येतोय. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात ‘आयडल नो मोअर’ या आदिवासी हक्कांच्या आंदोलनाने रस्ते आणि मॉल दणाणून सोडले होते. हवा तापलेली होती. पाच वर्षं आधी हाच पेपर आला असता तर बातमी झाली असती का, मला शंका आहे.

शंका का, तर पुरावा आहे. २००० साली यातल्या काही भागाची, विशेषतः दातांच्या उपचारांची, बातमी वर्तमानपत्रांत येऊन गेली होती. पेट तेव्हा हयात होता आणि त्याने त्याचं समर्थनही केलं होतं. दोन दिवस चर्चा, मग गप्प.

मग नवीन काय होतं?

खरं तर या प्रकरणाचा गाभा इथे आहे. उत्तर मॅनिटोबाचा अभ्यास १९४६ पासून छापील होता. दातांची गोष्ट २००० मध्ये येऊन गेली होती. आणि भूक? त्या शाळांतून जिवंत बाहेर आलेली माणसं भुकेबद्दल आयुष्यभर सांगत होती, आयोगासमोर हजारोंनी साक्षी दिल्या त्यात भूक पुन्हा पुन्हा येते, चोरून खाल्लेले बटाटे, सडकं अन्न, घरी पाठवलेली पण आधीच वाचून फाडलेली पत्रं. यातलं काहीच लपलेलं नव्हतं. एका ठिकाणी मांडलेलं नव्हतं इतकंच.

मॉस्बीने जे केलं ते असं की भुकेच्या आठवणींना तारीख, खात्याचं नाव आणि सही लावली. आजीने सांगितलं की आम्हाला पोटभर मिळायचं नाही, तर देश म्हणायचा अरेरे, गरीब शाळा असतील, तेव्हा सगळ्यांचीच ओढाताण होती. तीच गोष्ट पेटच्या लेटरहेडवर दिसली की देश हादरतो. हे मॉस्बीचं यश आहे आणि तेच या प्रकरणातलं सगळ्यात वाईट सत्यही आहे, आणि त्याचं कौतुक करताना ही दुसरी बाजू गाळली की लेख ‘एका गोऱ्या संशोधकाने आदिवासींना न्याय मिळवून दिला’ अशा वळणावर जातो. मॉस्बी स्वतः आदिवासी नाही, त्याने ते लपवलंही नाही, आणि नंतरच्या कामात तो साक्षींकडेच वळला. २०१७ मध्ये ट्रेसी गॅलोवे हिच्याबरोबर त्याने त्याच वैद्यकीय संघटनेच्या जर्नलमध्ये लेख लिहिला, बालपणच्या या उपासमारीचा आजच्या आदिवासी समाजातल्या डायबेटिसशी काय संबंध असू शकतो यावर, आणि त्यात आधार घेतला तो वाचलेल्या लोकांच्या साक्षींचा. १९४६ मध्ये जिथे मूर आणि टिसडॉल छापून आले तिथेच.

२०१४ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात डॉक्टरांनीच लिहिलं की हे आमच्या शास्त्राच्या इतिहासातलं लाजिरवाणं पान आहे आणि आदिवासींवरच्या संशोधनाला कडक नीतिनियम हवेत. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेने आदिवासींची जाहीर माफी मागितली. अकरा वर्षं लागली, पण झालं.

आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ चा, त्यात ९४ मागण्या. मॉस्बी पुढे टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठात लागला, ज्याचं नाव २०२२ मध्ये बदलून टोरांटो मेट्रोपॉलिटन झालं कारण एगर्टन रायर्सन याचंच नाव निवासी शाळांच्या मूळ कल्पनेशी जोडलेलं आहे. तिथल्या यलोहेड इन्स्टिट्यूट या आदिवासी संशोधन केंद्रासाठी तो आणि अनिशिनाबे या आदिवासी समाजातली समाजशास्त्रज्ञ ईव्हा ज्यूएल २०१९ पासून दरवर्षी मोजायचे की ९४ पैकी किती मागण्या पूर्ण झाल्या. २०२३ मध्ये आकडा १३ वर अडकलेला आणि त्या वर्षभरात एकही नवी पूर्ण नाही, तेव्हा दोघांनी सांगितलं की आता आम्ही दरवर्षी हे मोजणार नाही. मला हे फार पटलं. मोजत राहणं हेही कधीकधी काम चालू असल्याचा देखावा ठरतो, आणि मोजमापाच्या नावाखाली काहीच न करण्याचा अनुभव या समाजाला अल्बर्नीपासून आहेच.

आपल्या आश्रमशाळांची आठवण हे वाचताना येणारच. सरसकट तुलना करू नये, आश्रमशाळा मुलांची भाषा मारायला काढलेल्या नाहीत, पालक बरेचदा स्वतः पाठवतात, कार्यकर्त्यांनी चालवलेल्या चांगल्या शाळाही आहेत. पण नंदुरबार, गडचिरोलीकडे जाऊन पोषणावर पीएचडी करणाऱ्यांनी एवढं जरूर विचारावं की मोजून झाल्यावर ती वही कुठे जाते, आणि ज्या मुलाचं वजन घेतलं त्याच्या आईला काय कळवलं जातं.

फेलोशिपचं काय

आता पुन्हा जाहिरातींकडे. आज कॅनडात अशा विषयात अर्ज करायचा तर २०१३ पेक्षा चित्र पुष्कळ बदललंय. आदिवासी समुदायावर संशोधन असेल तर २०१० च्या राष्ट्रीय नीतिनियमांत त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, समुदायाशी आधी बोला, तिथल्या नेतृत्वाची परवानगी घ्या. फर्स्ट नेशन्सची स्वतःची ‘ओकॅप’ ही तत्त्वं १९९८ पासून आहेत, माहितीची मालकी, नियंत्रण, ती बघण्याचा हक्क आणि ताबा समुदायाकडे. आदिवासी म्हणून अर्ज करत असाल तर नुसतं ‘मी आहे’ म्हणून चालत नाही, २०२१-२२ मध्ये खोट्या ओळखीची बडी प्रकरणं बाहेर आल्यावर बऱ्याच विद्यापीठांनी पडताळणीचे नियम केले. पैसेही सुधारलेत, केंद्राच्या पोस्टडॉकची रक्कम २०२४ च्या बजेटमध्ये वर्षाला ७०,००० डॉलर करायचं जाहीर झालं, त्याआधी ती टोरांटोत घरभाडं भरून जेमतेम भागेल इतकीच होती.

पण मुदत तीच, एक वर्ष किंवा दोन. आणि इथे माझी तक्रार आहे. समुदायाशी नातं जोडायचं, त्यांच्या कौन्सिलपुढे प्रस्ताव ठेवायचा, ते त्यांच्या गतीने विचार करणार, त्यांच्याकडे आधीच संशोधकांची रांग लागलेली असते, मग विद्यापीठाची नीतिसमिती, हे सगळं होईपर्यंत पहिलं वर्ष संपतं. त्यातच एक कोर्स शिकवायचा, दोन पेपर काढायचे, पुढच्या नोकरीचे अर्ज भरायचे. मग हुशार उमेदवार काय करतो? अभिलेखागारात जातो, कारण फायलींना परवानगी विचारावी लागत नाही. नियम सांगतात आधी माणसांना विचारा आणि मुदत सांगते कागदच बरे. कागदांचं काम वाईट असं मी म्हणत नाही, हे अख्खं प्रकरण कागदांवरच उभं आहे, पण साक्षीपेक्षा सरकारी कागदाला वजन जास्त ही जी खोड २०१३ मध्ये दिसली ती अशा मुदतीमुळे आणखी पक्की होते, आणि ती मोडण्यासाठी काढलेल्या फेलोशिपमधूनच पक्की होते.

म्हणून अर्ज करणाऱ्यांना माझं सांगणं, जाहिरातीत मानधनाचा आकडा बघाच पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. मुदत वाढते का. समुदायाच्या माणसांना, म्हणजे वडीलधारे, भाषांतर करणारे, फायली वाचून ओळख पटवणारे, यांना मानधन देण्यासाठी वेगळे पैसे आहेत का. आणि काम संपल्यावर तुम्ही जमवलेली कागदपत्रं, स्कॅन, रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार, तुमच्या लॅपटॉपवर, विद्यापीठाच्या सर्व्हरवर, की त्या समुदायाकडे. तिसऱ्या प्रश्नाला विभागाकडून धड उत्तर आलं नाही तर ते उत्तर तुम्हीच आपल्या प्रस्तावात लिहा, नावानिशी आणि बजेटसकट, कारण पेटच्या अभ्यासात त्या मुलांच्या अगदी हिरड्यांपर्यंतच्या नोंदी झाल्या, आणि आईबापांच्या संमतीचा कागद मात्र कुठेच नाही.